सरळ आल्टो कुणाच्या कामाचा? रोलँड कर्कच्या ‘स्ट्रिच’चं प्रकरण

मी आल्टो सॅक्सोफोन वाजवतो आणि शिकवतो. वर्षा-दोन वर्षांत एखादा तरी विद्यार्थी मोबाइलवर फोटो घेऊन येतोच. फोटोत आल्टो असतो, पण नेहमीचा वळसा नसलेला. गळ्यापाशी जरासा वाकून पुढे थेट गुडघ्यापर्यंत सरळसोट उतरलेला. “सर, हा घेतला तर? वेगळा दिसतो, आवाजही मोकळा येत असेल ना?”

‘नको’ एवढ्या एका शब्दात याचं उत्तर देता येतं, आणि दहातल्या नऊ जणांसाठी ते बरोबरही आहे. तरी मला ते तसं देववत नाही. कारण हेच वाद्य एका माणसाने आयुष्यभर छातीवर बाळगलं, आणि त्याच्यावाचून त्याचं संगीत त्या रूपात उभंच राहिलं नसतं. राहसान रोलँड कर्क त्याचं नाव, अमेरिकेतला जॅझ सॅक्सोफोनवादक. ‘स्ट्रिच’ हे त्याने आपल्या सरळ आल्टोला दिलेलं नाव. सरळ सॅक्सोफोन व्यवहारात चालतो की नाही, ही चर्चा मी नेहमी त्याच्या प्रकरणावरून सुरू करतो.

वाद्य कुठून आलं

अडॉल्फ साक्सने २८ जून १८४६ रोजी फ्रान्समध्ये सॅक्सोफोनचं पेटंट घेतलं. सोप्रानो, आल्टो, टेनर, बॅरिटोन अशी त्या कुटुंबातली वाद्यं चढत्या आकाराची, मोठं वाद्य तितका खालचा आवाज. त्यातला लहान सोप्रानो तेव्हापासून बहुतेक वेळा सरळच राहिला. केनी जीच्या हातात आपण पाहतो तो हाच, आणि लग्नात तो वाजवला की कुणीतरी “ही सनई का?” म्हणून विचारतंच. आल्टोपासून खालच्या मोठ्या वाद्यांना मात्र वळसा आला आणि कायमचा राहिला.

१९२० च्या दशकात अमेरिकेत सॅक्सोफोनचं वेड लागलं होतं. इंडियाना राज्यातल्या एल्कहार्ट या एका गावात कॉन, ब्यूशर आणि मार्टिन असे तीन मोठे कारखाने होते. ओहायोतल्या क्लीव्हलँडला एच. एन. व्हाइटची कंपनी ‘किंग’ नावाने वाद्यं काढत होती. घरोघरी सॅक्सोफोन पोचल्यावर नवं काय विकायचं, हा प्रश्न सगळ्यांपुढे होता. त्यातून विचित्र आकारांची रांगच लागली. किंगचा ‘सॅक्सेलो’ म्हणजे सोप्रानोच, पण मान वाकलेली आणि भोंगा काटकोनात पुढे वळवलेला. कॉनचा ‘कॉन-ओ-सॅक्स’ सरळ अंगाचा, एफ पट्टीतला, टोकाला कांद्यासारखा फुगीर. आणि ब्यूशरने काढला सरळ आल्टो. १९२९ च्या ऑक्टोबरात शेअर बाजार कोसळला आणि ही हौस संपली. न खपलेल्या, कुणाला नको झालेल्या अशा वस्तू दुकानांच्या तळघरांत जाऊन पडल्या.

कर्कच्या बाबतीत हे तळघर महत्त्वाचं आहे.

वळसा काय करतो

पुढचं प्रकरण कळायला वळशाचं काम आधी समजून घ्यावं लागतं. मी शिकवताना हे दर वेळी वाद्य हातात देऊन दाखवतो.

सॅक्सोफोन म्हणजे एक लांब शंकू. शंकूची लांबी आणि त्यातून निघणारा सगळ्यात खालचा स्वर यांचं नातं साधं आहे: ध्वनीच्या वेगाला त्या स्वराच्या कंपनसंख्येच्या दुपटीने भागायचं. आल्टोचा सर्वांत खालचा स्वर सेकंदाला साधारण १३९ कंपनांचा आहे, म्हणजे शंकू सुमारे १.२५ मीटर. टेनरचा १०४ कंपनांचा, म्हणजे सुमारे १.६५ मीटर. बॅरिटोनचा ६९, म्हणजे जवळजवळ अडीच मीटर. सोप्रानोचा मात्र ८३ सेंटिमीटरच. प्रत्यक्षात शंकूचं टोक कापलेलं असतं आणि त्या जागी माउथपीसच्या, म्हणजे तोंडात धरायच्या भागाच्या, आतली पोकळी काम करते. त्यामुळे नळी याहून थोडी आखूड असते. आल्टोची नळी उलगडली तर मीटरभर, असं धरायला हरकत नाही.

मीटरभर नळी धरणं काही अशक्य नाही. खरी अडचण करंगळीची आहे. आल्टोवर तळाचे ‘बी’ आणि ‘बी-फ्लॅट’ हे स्वर डाव्या करंगळीने निघतात, आणि डावा हात असतो नळीच्या वरच्या भागात. नेहमीच्या आल्टोत नळी वळून वर आलेली असते, त्यामुळे त्या दोन स्वरांची भोकं भोंग्याबरोबर वर येऊन डाव्या हाताच्या शेजारी बसतात. करंगळीपासून पॅडपर्यंतची, म्हणजे भोक झाकणाऱ्या गादीपर्यंतची, सळी आखूड राहते. नळी सरळ केली की तीच भोकं तळाशी, हातापासून बरीच लांब जातात. मग लांबलचक सळ्या लागतात. लांब सळी दाबली की जराशी पिळते. वरच्या टोकाला करंगळी पुरती दाबलेली असते आणि खालच्या टोकाला पॅड केसभर उघडा राहतो. तेवढी फट पुरते. तळाचा स्वर लागतच नाही, किंवा लागतो आणि गुरगुरतो. जुना, पडून राहिलेला सरळ आल्टो असेल तर हा दोष हमखास भेटतो.

विद्यार्थी म्हणतात त्या ‘मोकळ्या आवाजा’बद्दलही बोलायला हवं. सॅक्सोफोनचा आवाज भोंग्यातूनच येतो, ही समजूत फार पक्की आहे. पण बहुतेक स्वर निघतात ते नळीवरच्या पहिल्या उघड्या भोकांतून. सगळी भोकं बंद असतात तेव्हा, म्हणजे अगदी तळाच्या स्वराला, सगळा आवाज भोंग्यातून येतो. नळीच्या जाडीच्या मानाने ध्वनीच्या लहरी लांब असतात, त्यामुळे वळशाने स्वरात फरक पडतो तो थोडासाच, आणि कारागीर तो आधीच हिशोबात धरतो. सरळ आल्टो वाजवणाऱ्याला वेगळं ऐकू येतं हे मात्र खरं आहे. नेहमीच्या आल्टोचा भोंगा पोटासमोर उघडतो, सरळ आल्टोचा पायांशी, जमिनीकडे. तळाचे स्वर जमिनीवर आपटून वर येतात. वाजवणाऱ्याला ते वेगळे वाटणारच. समोर बसलेल्या श्रोत्याला ते वेगळे वाटतील की नाही, हे त्या खोलीवर आणि जमिनीवर ठरतं. सतरंजी असली तर उलट दबलेलेच वाटतील.

माणूस

कर्कचा जन्म ओहायोतल्या कोलंबसचा, १९३५ चा. तान्हेपणातच, दोनेक वर्षांचा असताना, चुकीच्या उपचारांमुळे त्याची दृष्टी गेली. ओहायोच्या अंधशाळेत तो शिकला, बॅंडमध्ये वाजवू लागला. विशीच्या आतच त्याला स्वप्न पडलं की आपण एकाच वेळी तीन वाद्यं वाजवतो आहोत. हे त्याने स्वतःच अनेकदा सांगितलं आहे. पुढे ‘राहसान’ हे नावही त्याला स्वप्नातच मिळालं, असं तो सांगे. स्वप्नातला तो आवाज शोधत तो वाद्यांच्या दुकानात गेला, आणि तिथल्या अडगळीतून त्याच्या हाती दोन वाद्यं आली. एक किंगचा सॅक्सेलो, दुसरा ब्यूशरचा सरळ आल्टो. पहिल्याला तो ‘मँझेलो’ म्हणू लागला, दुसऱ्याला ‘स्ट्रिच’.

एकाच वेळी अनेक वाद्यं वाजवणारा तो पहिला नव्हता. त्याच्या आधीच्या पिढीत विल्बर स्वेटमन तीन क्लॅरिनेट एकदम वाजवण्यासाठी प्रसिद्ध होता. मला यातली एक गोष्ट फार बोलकी वाटते: क्लॅरिनेट सरळ असतं. तीन सरळ काठ्या एका तोंडात एकत्र येऊ शकतात. तीन नेहमीचे सॅक्सोफोन घेऊन पाहा. माझ्या खोलीत मी आल्टो आणि टेनर एकाच वेळी गळ्यात अडकवून पाहिले आहेत. दोन्हींचे भोंगे पोटासमोर एकमेकांवर आदळतात, आल्टोच्या भोंग्याची कड टेनरच्या कळांवर बसते, आणि टेनरच्या खालच्या कळांकडे जाणारा उजवा हात मध्येच अडतो. दोन्ही माउथपीस ओठांत आणायला वाद्यं तिरकी करावी लागतात आणि तसं केलं की भोंगे आणखी घुसतात. दोन मिनिटांत मी ते सोडून दिलं, आणि दुसऱ्या दिवशी आल्टोच्या एका कळीचं संरक्षक जाळीदार कडं सरळ करून आणावं लागलं.

आता आल्टो सरळ असेल तर? भोंगा समोर नाहीच. तो अंगालगत खाली लोंबतो, मांडीच्या बाजूने. टेनरच्या पोटासमोरची जागा टेनरलाच राहते. गळ्याचा वाकलेला भाग माउथपीसला ओठांपर्यंत आणून सोडतो. बाजारात ज्या सरळपणाला गिऱ्हाईक मिळालं नाही, त्याच सरळपणामुळे ते वाद्य कर्कच्या छातीवर बसलं. उलट वळलेला भोंगा हवा होता तो एकट्या टेनरला, आणि त्याचाही त्याने उपयोग करून घेतला: बासरी ठेवायची जागा म्हणून तो टेनरचा भोंगा वापरायचा.

हात दोन, वाद्यं तीन

तोंडात तीन माउथपीस आले म्हणजे काम झालं असं नाही. हात दोनच आहेत.

सॅक्सोफोनच्या बोटांची रचना अशी की डावा हात वरच्या स्वरांचा, उजवा खालच्या. पण उजव्या हाताचे स्वर डाव्या हाताची तिन्ही बोटं दाबलेली असतील तरच येतात. म्हणजे एकट्या डाव्या हाताने ‘जी’, ‘ए’, ‘बी’, ‘सी’ आणि ‘सी-शार्प’ इतकं सहज मिळतं, अंगठ्याखालच्या सप्तकाच्या कळीमुळे ते वरच्या सप्तकातही मिळतात, आणि एकट्या उजव्या हाताने जवळजवळ काहीच मिळत नाही. कर्कने म्हणूनच आपल्या वाद्यांच्या कळांमध्ये फेरबदल करून घेतले, एका हाताने जास्तीत जास्त स्वर निघावेत म्हणून. मँझेलोचा भोंगाही त्याने बदलून मोठा आणि वर वळलेला करून घेतला होता. दोन वाद्यं असली की एका हाताला एक. तिसरं तोंडात आलं की त्यावर एखादा स्वर नुसता धरून ठेवायचा.

हे गणित जुळतं ते तीन वाद्यांच्या पट्ट्या वेगळ्या असल्यामुळे, आणि इथे मला या प्रकरणातली सगळ्यात सुंदर गोष्ट दिसते. टेनर बी-फ्लॅटचा. मँझेलोही बी-फ्लॅटचा, पण एक सप्तक वर. स्ट्रिच ई-फ्लॅटचा. तिन्हींवर तीच बोटं ठेवली, समजा ‘बी’ची, तर टेनरमधून येतो मधल्या सप्तकाखालचा ए, स्ट्रिचमधून त्याच्या वरचा डी, आणि मँझेलोमधून त्याच्याही वरचा ए. डीला सा मानलं तर हे झाले मंद्र पंचम, षड्ज आणि मध्य पंचम. आपल्याकडे पंचमाचा तानपुरा लावताना पंचम आणि षड्ज यांच्याच नात्यावर सगळा डोलारा असतो. बोटं एकत्र हलवली की हा सगळा पंचम-षड्जाचा जोड एकदम वर-खाली सरकतो.

टेनर आणि मँझेलो एवढीच जोडी असती तर तीच बोटं ठेवून सप्तकांपलीकडे काही निघालं नसतं. नुसता सा आणि तार सा. मध्ये आल्टो आल्यावर स्वरसंवाद तयार होतो. स्ट्रिच ई-फ्लॅटचा आहे म्हणून तो त्या तिघांमधला सा ठरतो, आणि तो सरळ आहे म्हणून टेनरशेजारी मावतो. कर्कला या दोन्ही गोष्टी लागत होत्या. वळलेला आल्टो पहिलं काम करू शकला असता, दुसरं नाही.

१९६७ मध्ये ध्वनिमुद्रित केलेल्या एका रचनेत हे फार उघडपणे ऐकू येतं. तिचं नाव ‘द इन्फ्लेटेड टिअर’, आणि तिचा संबंध त्याच्या दृष्टी जाण्याशी आहे. तिन्ही वाद्यांचे एकदम उठणारे जाड, खरखरीत स्वर ऐकताना मला दर वेळी जाणवतं की हे तीन वादकांनी वाजवलं असतं तर इतकं खुपलं नसतं. तीन वादक आपापल्या ओठांनी स्वर जुळवून घेतात. एका तोंडात तीन रीड (माउथपीसवरच्या थरथरणाऱ्या पट्ट्या) असल्या की ओठांचा दाब तिन्हींवर सारखाच पडतो, एकीला सावरायला गेलं की दुसरी घसरते. स्वर थोडे एकमेकांना घासतात. त्या घासण्यात दुःख आहे, असं मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगतो आणि मला त्याची खात्री आहे.

त्याने काय किंमत मोजली

फुकट काही नव्हतं. टेनर साधारण साडेतीन किलो, आल्टो अडीच, सोप्रानो दीड असं धरलं तर गळ्यात सात-साडेसात किलो होतात. त्यात बासरी, शिट्टी, भोंग्यासारखा ओरडणारा सायरन. तीन वाद्यांना एकदम पुरेल एवढी हवा द्यायची, आणि कर्क तर नाकाने श्वास घेत गालांतली हवा सोडत राहण्याची पद्धत वापरून मिनिटंच्या मिनिटं न थांबता वाजवायचा. आपल्याकडे सनईवाल्यांना ही युक्ती चांगली माहीत आहे, पण सनईची रीड चिमुकली असते. इथे तीन सॅक्सोफोन.

टीकाकारांचा त्रास वेगळाच. सर्कस म्हणाले, नौटंकी म्हणाले. याचा त्याला मनापासून राग यायचा. चार्ल्स मिंगससारखा कडक संगीतकार १९६१ मध्ये त्याला आपल्या ध्वनिमुद्रणात घेतो, ते काही तीन वाद्यं तोंडात धरतो म्हणून नव्हे. एकट्या टेनरवरही तो पहिल्या फळीतला वादक होता. त्याच्या मुद्रणांत तीन वाद्यं एकत्र वाजतात तो भाग थोडा असतो. बराचसा वेळ तो एकच वाद्य वाजवत असतो, आणि स्ट्रिचही कित्येकदा एकटाच. तो एकटा स्ट्रिच ऐकताना मला वेगळा ‘सरळ’ आवाज ऐकू येत नाही. मला कर्क ऐकू येतो. हे मत माझं आहे. कुणाचे कान वेगळं सांगत असतील तर मी वाद घालणार नाही.

माझा उजवा अंगठा

मी सरळ आल्टोचा मालक नाही. सरळ सोप्रानो मात्र माझ्याकडे आहे, आणि सरळ वाद्याची एक अडचण त्याने मला शिकवली आहे. सोप्रानो ओठांपासून पुढे तिरका धरावा लागतो, आणि त्याचं बरंचसं वजन मागच्या छोट्या आकड्यावरून उजव्या अंगठ्याच्या पहिल्या पेरावर येतं. तासभर रियाज झाला की तिथे लाल खूण उमटते. दोन वर्षांपूर्वी एका कार्यक्रमाआधी मी रोज तीन तास बसलो, आणि तिसऱ्या आठवड्यात सकाळी दूध तापवताना पातेलं सांडशीने उचलता येईना. अंगठ्याच्या मुळाशी कळ जायची. आता मी सोप्रानोलाही पट्टा लावतो आणि आकड्याला रबराची टोपी घातली आहे.

हे दीड किलोच्या, सुमारे ६५-७० सेंटिमीटरच्या वाद्याचं. नेहमीच्या आल्टोत वजन वळशामुळे पट्ट्याच्या कडीच्या आसपास गोळा होतं, वाद्य आपसूक तोललं जातं. सरळ आल्टोत तेच अडीच किलो मीटरभर पसरतं. ते सरळ खाली लोंबू दिलं तर ठीक, आणि कर्क तसंच लोंबू द्यायचा. पण पुढे उचलून धरायला गेलं की टोक खाली ओढतं आणि ती ओढ अंगठ्यावर येते. खुर्चीवर बसलं की भोंगा दोन गुडघ्यांच्या मध्ये जमिनीला टेकतो, मग वाद्य कडेला घ्यायचं. बँडच्या रांगेत बसलेला माणूस हे तीन तास करू शकत नाही.

आणि आपल्या बैठकीत तर नाहीच. मांडी घालून बसलेल्या माणसाच्या ओठांपासून सतरंजीपर्यंत जेमतेम पाऊण मीटर अंतर असतं. कद्री गोपालनाथांनी कर्नाटक संगीतात सॅक्सोफोन रुजवला तो वळलेल्या आल्टोवर. त्यांच्या घरात नागस्वरम होतं, म्हणजे सरळ, शंकूच्या आकाराचं वाद्य. तरी मंचावर मांडी घालून बसायचं तर वळसाच उपयोगी. गमकं निघावीत म्हणून त्यांनीही वाद्यात फेरफार करून घेतले होते. कर्क आणि कद्री यांना एका ओळीत ठेवलेलं कुणी पाहिलं नसेल, पण मला दोघांची रीत एकच वाटते: आधी हवा तो आवाज कानात, मग लोहाराकडे जायचं.

नंतर कुणी घेतला

कर्कच्या काळातच जॉर्ज ब्रेथने सरळ आल्टो आणि सोप्रानो जोडून एकच वाद्य बनवून घेतलं, त्याला ‘ब्रेथोफोन’ नाव दिलं. पुन्हा तेच कारण: एका वेळी दोन आवाज, आणि दोन सरळ नळ्या शेजारीशेजारी बसतात. १९९० च्या दशकात एल. ए. सॅक्स या कंपनीने सरळ आल्टो आणि चक्क सरळ टेनरही बाजारात आणले. जो लोवानोसारख्या मोठ्या वादकाने ते हातात धरले, सरळ आल्टोवर मुद्रणंही केली. लोवानो क्लीव्हलँडचा, जिथे सॅक्सेलो बनायचा. त्याने एका वेळी एकच वाद्य वाजवलं, रंग म्हणून. एका मुद्रणात चार-पाच वेगळी वाद्यं वापरणाऱ्या माणसाला असा एक जास्तीचा रंग परवडतो. पण त्याच्याकडेही मुख्य वाद्य वळलेला टेनरच.

सरळ टेनरबद्दल फार लिहीत नाही. दीडेक मीटरच्या आसपासची नळी, सरासरी उंचीच्या माणसाच्या पावलांशी भोंगा. उंच माणसाने उभ्याने वाजवावा.

विद्यार्थ्याला मी काय सांगतो

रोजच्या व्यवहाराच्या गोष्टी मी त्याला नीट मोजायला लावतो. नेहमीच्या आल्टोची पेटी मांडीवर घेऊन लोकलमध्ये बसता येतं, दोन्ही बाजूंच्या माणसांची बोलणी न खाता. मीटरभर लांबीची पेटी गर्दीच्या डब्यात उभी धरावी लागते. विमानात नेहमीचा आल्टो कसाबसा वर जातो, हा जाणार नाही. स्टँड वेगळा लागतो, साधा आल्टोचा चालत नाही. माइकचा प्रश्न मोठा आहे: वळलेल्या आल्टोच्या भोंग्याला चिमटा लावून माइक बसवला की भोकांचा आवाजही त्याला मिळतो, कारण भोंगा भोकांच्या शेजारीच असतो. सरळ आल्टोला एक माइक भोकांपाशी आणि एक पायाशी, असे दोन लागतात, नाहीतर तळाचे स्वर कमी पडतात. लग्नाच्या वरातीत चालत वाजवणारा असेल तर भोंगा दर पावलाला गुडघ्यावर बसेल. आणि दुरुस्ती. लांब सळ्या, सुटे भाग दुर्मीळ. आपल्या गावातल्या दुरुस्तीवाल्याने असं वाद्य कधी उघडलेलं नसतं.

एक फायदाही सांगतो, कारण तो खरा आहे: वाजवून झाल्यावर फडकं एका टोकातून घालून दुसऱ्या टोकाने सरळ ओढून काढता येतं. वळशात थुंकीचं पाणी साचत नाही. ज्याने दर महिन्याला पॅड सुकवले आहेत त्याला याची किंमत कळेल.

मग मी विचारतो, तुला एका वेळी दोन वाजवायची आहेत का? बहुतेक जण हसतात आणि फोटो बंद करतात. एक मुलगी मात्र गेल्या पावसाळ्यात म्हणाली, “हो सर, मला करून पाहायचंय.” तिला मी सरळ आल्टो शोधायला सांगितलं नाही. आधी घरचा आल्टो पट्ट्याने लोंबत ठेवून फक्त डाव्या हाताने एक महिना वाजव म्हटलं. जी, ए, बी, सी, सी-शार्प, आणि त्यांचंच वरचं सप्तक. एवढ्यात भूपातला एखादा तुकडा बसतो का बघ. या पाच स्वरांत भूप पुरा होत नाही, ‘जी’ सा धरला तर ‘बी’ हा ग मिळतो, पण प हातातून सुटतो. तिने ‘सी’ला सा करून, मग ‘ए’ला सा करून पाहिलं. महिन्याच्या शेवटी एका हातात काय मावतं आणि काय नाही, हे तिला माझ्याहून चांगलं कळलं होतं. आता ती माझा सोप्रानो उजव्या हातात घेऊन त्यावर एकच स्वर धरून ठेवते, वरच्या कळा रबराने बांधून, आणि डाव्या हाताने आल्टो. सोप्रानो सरळ असल्यामुळे आल्टोच्या भोंग्याच्या बाजूने निघून जातो. आदळत नाही. तिला सरळ आल्टोची गरज पडेल तेव्हा, सोबत टेनर येईल तेव्हा, आपण शोधू असं ठरलं आहे.

१९७५ नंतर

प्रकरणाचा शेवटचा भाग मी तिला सांगितला तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही.

१९७५ च्या नोव्हेंबरात कर्कला पक्षाघात झाला. शरीराची एक बाजू निकामी झाली. वय चाळीस. सॅक्सोफोन दोन हातांचं वाद्य आहे, इतर कुणाचंही वादन तिथे संपलं असतं. कर्कने टेनरच्या कळा पुन्हा बदलून घेतल्या, एका हाताने वाजवता येईल अशा, आणि मंचावर परत आला. एका हाताने एक वाद्य वाजवण्याची त्याची सवय तोवर वीस वर्षांची होती. तीन वाद्यांसाठी जे शिकला, ते आता एका वाद्यासाठी वापरलं. पुढची दोन वर्षं तो तसाच फिरत राहिला, ध्वनिमुद्रणं करत राहिला. ५ डिसेंबर १९७७ रोजी ब्लूमिंग्टनला, विद्यापीठातल्या कार्यक्रमानंतर, तो गेला. ब्लूमिंग्टन इंडियानात आहे. त्याचा सरळ आल्टो ज्या एल्कहार्टमध्ये बनला होता, ते त्याच राज्यात उत्तरेला.